मिटलेल्या पोथीला नमस्कार नाही

अहो, थांबा, थांबा! हात खाली घ्या. पोथी अजून रुमालात आहे, आणि मिटलेल्या पोथीला आमच्या ह्या निवळखोल गावात कुणी नमस्कार करत नाही. देवाला करा, ह्या कातळाला करा, वाटेतल्या कुत्र्याला केलात तरी चालेल. राग मानू नका. लाल रुमाल दिसला की माणसं डोकं टेकवतात, आत काय आहे ते कुणी विचारत नाही. एकदा ह्या गावानंही तेच केलं, आणि भोगलं एका गरीब पोरीनं. बसा कातळावर, सांगतो.

फार जुनी गोष्ट आहे. ह्या कातळावर तेव्हा दोन गोष्टी वाळायच्या, असं सांगतात. एक कुंभारांची मडकी, आणि दर आश्विनात देवळातली पोथी. कोकणचा पावसाळा म्हणजे कागदाचा काळ. म्हणून पुजारी पोथी सोडून पानं उन्हात मांडायचा, आणि मांडता मांडता मोठ्यानं वाचून अर्थही सांगायचा. उपनिषदांची पोथी होती म्हणे. कुंभार मडकी फिरवत ऐकायचे. भिवरा कुंभारणीच्या आज्यानं असंच ऐकलं होतं, आणि चाकापाशी बसून नातीला सांगितलं होतं, "बाय, मडकी लहानमोठी, पण आतलं आभाळ एकच. मडकं फुटलं तरी ते आभाळ जागचं हलत नाही. माणसाचंही तसंच."

पुढे त्या पुजाऱ्याच्या मुलाच्या पोटात दुखायला लागलं. कुंभारांनी आयतं ज्ञान ऐकायचं म्हणजे काय! त्यानं पोथी रुमालात बांधली, गाठीवर गाठ मारली आणि कोनाड्यात ठेवून दिली. त्याचा मुलगा नारोभट. ह्या महाभागानं जन्मात पोथी सोडली नाही, पण तिच्या नावानं हुकूम मात्र रोज सोडायचा. कुणी तोंड उघडलं की ह्याचा हात रुमालावर. "पोथीत लिहिलंय!" झालं, संपलं. गाव मान खाली घालून घरी.

एका साली गावात देवीची साथ आली. भिवराचा एकुलता मुलगा त्यात गेला. मागे राहिली सून सगुणा, सात महिन्यांची पोटुशी. सुतक फिटतं न फिटतं तोच नारोभट कुंभारवाड्याच्या तोंडाशी आला आणि लांबूनच म्हणाला, "ज्या घरचं माणूस देवीनं नेलं, त्या घराला बारा वर्षं देवळाच्या झऱ्याचं पाणी बंद. पोथीत लिहिलंय."

गावात दुसरं गोडं पाणी नव्हतं. भिवरा खाडीकाठच्या डबक्यातलं मचूळ पाणी आणायला लागली. सगुणेच्या पोटात ते ठरेना. पाय सुजले, ओठ फुटले. भिवरा त्या पायांना तेल चोळायची आणि तिला आज्याचं बोलणं आठवायचं. आभाळ एक आहे म्हणणारी पोथी पाणी वेगळं करा कशी म्हणेल? ते काही केल्या तिच्या डोक्यातून जाईना. शेवटी ती देवळाच्या पायरीशी जाऊन उभी राहिली.

"भटजी, ते पान दाखवा."

"तुला वाचता येतं?"

"मला नाही. तुम्ही वाचा, मी ऐकते. माझा आजा ऐकायचा."

"तुझ्यासाठी गाठ सोडू? पोथी विटाळेल. चल, हो बाजूला!"

भिवरा बाजूला झाली ती थेट ह्या कातळावर येऊन बसली. पोथी उन्हात येईपर्यंत पाण्याचा थेंब घेणार नाही, अशी तिनं आण घेतली. हे आश्विनातलं ऊन तुम्हाला घटकाभर सोसत नाही, तिनं तीन दिवस सोसलं. पहिल्या दिवशी लोक हसले. दुसऱ्या दिवशी बायकांनी चुली पेटवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सगळा गाव इथं जमला. ती मेली तर हत्या आपल्या माथी, ह्या धास्तीनं जमला हो, दयेनं नाही. गावाचा रेटा बघून नारोभट चरफडत पोथी घेऊन आला. "घे, बघ, आणि मर एकदाची!" असं म्हणाला म्हणे.

गाठी सुटेनात, तेव्हा विळ्यानं कापल्या. रुमाल उलगडला. दोन लाकडी फळ्या, आणि मध्ये नुसती माती. वाळवीनं एक पान शिल्लक ठेवलं नव्हतं. कागदाची जागा मातीनं घेतली होती, म्हणून वजनात फरक कळला नाही. नारोभटाच्या तोंडचं पाणी पळालं.

भिवरा उठली. झोक गेला, पण उठली. चिमूटभर माती घेऊन तिनं बोटांत चुरली. "हे होय तुमचं लिहिलेलं? अहो, माती मला वाचता येते. हिच्यात पाणी बंद करा असं कुठंच नाही."

माणसं झऱ्याकडे धावली. कुणी घागर उचलणार, तोच ती ओरडली, "खबरदार! ज्यानं बंद केलं, तोच नेईल."

नारोभटानं खांद्यावर घागर घेतली आणि कुंभारवाड्यात नेली. सगुणा पाणी प्यायली, जगली. पोर मात्र त्याच संध्याकाळी मेलेलं जन्माला आलं.

वर्षानं नारोभट भिवराच्या अंगणात आला. म्हणाला, "पोथी गेली. तुझ्या आज्यानं ऐकलेलं तेवढं उरलंय. तू सांग, मी लिहितो."

"सांगीन," ती म्हणाली. "पोथी म्हणते, तुमच्यात नि माझ्यात एकच बसलाय. असेल. म्हणून तर तुमची लाज मला वाटते. पण माफी मागू नका, ती माझ्याजवळ नाही."

ती चाकावर बसून सांगत गेली, तो खाली मातीत बसून लिहीत गेला. मूळ संस्कृत गेलं ते गेलं. ही पोथी कुंभारणीच्या बोलीतली आहे.

आजही तिच्या रुमालाला गाठ मारत नाहीत. आजही आश्विनात ती इथं उन्हात येते आणि पहिलं पान कुंभारवाड्यातलं माणूस वाचतं. पण त्याआधी नारोभटाच्या घरच्या थोरल्यानं झऱ्याची घागर भिवराच्या दारी न्यायची. सगुणेनं पुढे दत्तक घेतलेल्या पोराचा वंश आहे तिथं; त्या घरचं माणूस घागर उतरवून घेतं, रिकामी परत देतं. "बसा" म्हणत नाही. इतक्या पिढ्या झाल्या, अजून म्हणालेलं नाही.

घागर कोण नेतं म्हणता? हा खांदा बघा, घट्टा पडलाय. बेचाळीस वर्षं नेतोय. सरका जरा, ऊन चढलं, मला झऱ्यावर जायचंय. आलो की पोथी उघडेल, तेव्हा जोडा हात.