मेस्त्रींचा अंगठा

"अंगठ्यान कधी प्रेशर कळता, मेस्त्रीनूं?"

दीपेशच्या हातात प्रेशर मोजायचं नवंकोरं गेज होतं आणि खांद्याला पिशवी. साडेतीनच्या गाडीने तो बंदरावरच्या मोठ्या वर्कशॉपात कामाला निघणार होता. खाडीकाठच्या या शेडमध्ये होड्यांची इंजिनं दुरुस्त करायला तो आला, त्याला तीन वर्षं झाली होती.

तीन वर्षांत पास्कू मेस्त्रींनी सिलिंडरचा दाब बघायला प्लगच्या भोकावर एकदाही स्वतःचा अंगठा ठेवला नव्हता. इंजिन फिरवायची दोरी ते ओढायचे, अंगठा दीपेशचा. म्हातारा अंग चोरतो, असं दीपेशचं पक्कं मत. गावभर तो तसं बोललाही होता.

शेवटचं इंजिन काशीबाईच्या होडीचं. जुनं, दोन सिलिंडरचं. गेजचा काटा वरच्या सिलिंडरला एकशे दहावर गेला, खालच्याला साठावरच अडला.

"खालचो मेलो. काशीबायक सांगा, नवीन इंजिन घे."

काशीबाईला त्यापायी होडीच विकावी लागली असती. खालच्या सिलिंडरमध्ये मेस्त्रींनी दोन चमचे ऑइल सोडलं.

"अंगठो लाव."

दीपेश हसला, पण लावला. मेस्त्रींनी दोरी ओढली. हवेने अंगठा उडवून लावला.

"काय म्हणता?"

"...जितो आसा."

ऑइलने घडीभर फट बुजवली होती. म्हणजे सिलिंडर शाबूत, दोष रिंगांचा. पिस्टन बाहेर काढला तर रिंगा काजळीत घट्ट रुतलेल्या. दीपेशने जुन्या रिंगेचाच तुकडा मोडून त्याने खाचा खरवडल्या, नव्या रिंगा बसवल्या. गाडीचा त्याला विसर पडला होता.

सगळं पुन्हा जोडून झाल्यावर तो म्हणाला, "आता तुमी लावा. शेवटच्या दिसाक तरी."

मेस्त्री घुटमळले. मग त्यांनी अंगठा ठेवला, चांगला दाबून. दीपेशने दोरी ओढली.

"कसो वाटता?"

"...बरो आसा."

"मेस्त्रीनूं, रगात!"

"खंय?" म्हणत मेस्त्री इंजिनाकडेच बघू लागले.

दीपेशने त्यांचा हात धरून वर केला. भोकाच्या धारेने अंगठा चिरला होता. डोळ्यांनी बघितलं तेव्हाच मेस्त्रींना ते कळलं.

दीपेशला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कधीपासून बधिर आसा?"

"तू इलंस, त्याच्या आदल्या पावसापासून."

"माका सांगलास कित्या नाय?"

"सांगलं असतंय, तर तू माझ्यासाठी अंगठो लावलं असतंस. माका तो इंजिनासाठी लावक व्हयो होतो."

दीपेशने खिशातला रुमाल फाडला आणि तो अंगठा बांधला. वर रस्त्यावर साडेतीनच्या गाडीने हॉर्न दिला.

"मी जायत नाय," तो म्हणाला. "माझो अंगठो हयच ऱ्हवांदे."

मेस्त्रींनी बाकावरचं गेज उचललं. काटा डोळ्यांजवळ नेऊन नीट बघितला. शर्टाला पुसून ते फळीवर, आपल्या चष्म्याशेजारी ठेवलं. मग पिशवी उचलून त्याच्या खांद्यावर अडकवली.

"ह्यां गेज ठेव माझ्यापाशी... अंगठो घेवन जा."