भाडोत्री मुंगसं

फार मागे, दोन बांधांवरचे उंदीर मधल्या भातखाचरासाठी भांडत असत. वरच्या बांधाने एक मुंगूस लढायला आणलं. "त्यांचा जो उंदीर मारशील, तो तुझा," अशी बोली ठरली. ते कळताच खालच्या बांधानेही त्याच बोलीवर दुसरं मुंगूस आणलं.

मग रोज संध्याकाळी दोन्ही मुंगसं खाचरात एकमेकांवर धावून जात. चिखल उडे, गुरगुर चाले, आणि बांधावरचे उंदीर आपापल्या मुंगसाचा जयजयकार करत. सकाळी मात्र दोन्हीकडची काही बिळं रिकामी सापडत.

वरच्या बांधावरची म्हातारी उंदरीण, चिमाआजी, म्होरक्याकडे गेली. "एवढ्या लढाया झाल्या, पण आपल्या मुंगसाला ओरखडा नाही आणि त्यांच्याही मुंगसाला नाही. काल दोघं एकाच बिळात झोपायला गेली. भाऊ आहेत ते."

 म्होरक्या म्हणाला, "आजच्या आज हाकलतो त्याला."

"हाकल की, बाबा," आजी म्हणाली. "पण कुणाच्या जोरावर?"

बिळाच्या तोंडाशी बसलेलं मुंगूस सगळं ऐकत होतं. त्याला कसलीच घाई नव्हती.