गोदा ट्रॉली आणि घाटाचा उतार

गाड्या आपापसात बोलायच्या, त्या काळातली ही गोष्ट. घाटमाथ्यावरच्या एका गॅरेजात गोदा नावाची ट्रॉली राहायची. तिला एक जडशीळ होडी खाली बंदरावर पोचवायची होती. ओढायला दोन पिकअप तयार होते. बादल नवाकोरा, चकचकीत, चार दारांचा. ठोंब्या रुंद, मळकट, मागच्या चाकांवर जाड स्प्रिंग-पाट्यांचा.

"होडी किती वजनाची आहे?" ठोंब्याने विचारलं.

"बाईमाणसाच्या ओझ्याची चौकशी करतोस?" गोदा फणकारली.

बादल हसून गोदाला म्हणाला, "वजनाचं काय एवढं? माझा वेग बघ!" गोदा भाळली आणि त्याच्या मागे जोडली गेली.

सपाटीवर बादल ऐटीत पळाला. पण घाट उतरू लागताच त्याचं मागचं अंग खाली बसलं, नाक वर झालं आणि ब्रेक किंचाळू लागले.

"ढकलू नकोस गं!" तो ओरडला.

"मी कुठे ढकलतेय? होडी ढकलतेय!"

वळणावर वाळूचा ढीग होता, म्हणून दोघं वाचली. बादल त्यात दिव्यांपर्यंत रुतला. मागून ठोंब्या सावकाश आला.

गोदाने त्याला विचारलं, "तू तरी मला ओढशील ना रे?"

"उतारावर ओढायचं कसलं? तुला थांबवायचं असतं. ते मला जमतं."

गोदा बादलपासून सुटून ठोंब्याच्या मागे जोडली गेली. बंदराच्या शेवटच्या उतारावर ठोंब्याने उलटं चालत तिला पाण्याकडे नेलं आणि तिच्या चाकांना पाणी लागताच तो थांबला. गोदाही थांबली. होडी तेवढी हळूच खाली सरकली आणि पाण्यात तरंगू लागली.