दोन वाड्या आणि एक ठोका

कुठल्याशा डोंगरात, दरीच्या दोन अंगांना, समोरासमोर दोन वाड्या होत्या. एक उंच कड्यावर, म्हणून वरली. दुसरी पलीकडच्या उतारावर, म्हणून खालली. मध्ये खोल दरी, दरीच्या तळाशी ओढा. वरलीत कुणाच्या अंगणात कुठल्या रंगाचं लुगडं वाळतंय, कुणाची चूल अजून पेटली नाही, ते खाललीच्या बायकांना ओट्यावर बसल्या बसल्या दिसायचं. आणि दिसल्यावर बोलणं हे आलंच. एवढ्या शेजारात सोयरिकीही व्हायच्याच, तशा त्या होत.

वरलीच्या नगारेवाल्याची लेक वेणू खाललीच्या नगारेवाल्याच्या घरात दिलेली होती. दोघे व्याही मानी आणि तापट, पण मनाने चांगले. वेणू पहिलटकरीण. सातवा उलटला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच. जत्रा उतरली की बाप तिला न्यायला येणार होता. वेणूने तर गाठोडंसुद्धा बांधून ठेवलं होतं.

जत्रा होती दोघी देवींची. वरलीत थोरली, खाललीत धाकटी, सख्ख्या बहिणी. पूर्वी दोघी एकाच देवळात असत आणि दोन्ही नगारे शेजारी शेजारी वाजत. मग खाललीने हौसेने आपलं देऊळ बांधलं, आणि त्या वर्षी पहिल्यांदाच धाकटीचा नगारा दरीच्या या बाजूला आला. पण नियम जुनाच. दोघी बहिणी एकाच वेळी उठल्या पाहिजेत. जत्रेभर रोज सकाळी ऊन देवळाच्या पायरीला लागलं की दोन्हीकडून एकच ठोका, अगदी एकदम, आणि मग पालखी उचलायची. एकमेकांना लांबून दिसावं म्हणून दोघा व्याह्यांनी नगाऱ्याच्या काठ्यांना लाल फडकी बांधली.

पहिल्या दिवशी ऊन पायरीला लागलं. वर लाल फडकं उचललं गेलं, खाली उचललं गेलं, दोन्ही एकदम खाली आली.

"ढम्!" खाललीचा नगारा वाजला.

आणि मग, जरा थांबून, समोरून आलं, "ढम्."

खालली चिडली. "थोरलीवाले उशीर करतात! आपली देवी ताटकळली!"

"पण काठी तर बरोबर पडली, मी बघितली," कुणीतरी म्हणालं.

"अहो, ती दाखवायची काठी! हवेत मारली. खरी मागून हळूच मारली. म्हणजे धाकटी उठून वाट बघत बसेल, आणि थोरली सावकाश येईल. मोठेपणा दाखवायचा होता, दुसरं काय!"

गंमत अशी, की वरलीतही तेव्हा हेच चाललं होतं. त्यांना आपला नगारा आधी ऐकू आला आणि खाललीचा मागून. "नवं देऊळ बांधलं म्हणून एवढा माज?" असं तिकडे म्हणत होते.

खाललीच्या नगारेवाल्याने दरीच्या काठावर जाऊन तोंडाशी हात धरले. "व्याहीबुवाऽ! उशीर का केलाऽत?"

समोरून लगेच काही येईना.

"बघा, खोटं जुळवतोय," तो लोकांना म्हणाला.

तेवढ्यात उत्तर आलं. "उशीर तुमचाऽ! वर आम्हालाच विचारताऽ?"

यानेही तोडीस तोड ओरडून दिलं. आणि ते पोचेपर्यंत तिकडे तो आपल्या माणसांना सांगत होता, "कसा गप्प झाला बघा! चोराच्या मनात चांदणं!"

संध्याकाळपर्यंत गोष्ट विकोपाला गेली. सासऱ्याने उंबऱ्यात उभं राहून सांगितलं, "देवीपुढे जो खोटी काठी उचलतो, त्याच्या घरी माझी सून बाळंतपणाला जायची नाही." बापानेही तिकडून निरोप धाडला, "ज्या घरात मला खोटा म्हणतात, त्या घराचा उंबरा मी चढायचा नाही. लेकीला न्यायला येणार नाही."

वेणूने गाठोडं उचलून फडताळात ठेवलं. आई आठवली की डोळ्याला पदर लावायची.

दुसऱ्या सकाळी सासू म्हणाली, "नगाऱ्याजवळ थांबू नकोस गं बाई, पोटातलं लेकरू दचकतं. तू आपली ओढ्यावर जा. दोन धुणी धू, तेवढाच जिवाला विसावा."

वेणू ओढ्यावर गेली. तिथे बरोबर मध्यावर एक सपाट खडक होता. तिथून वर मान केली की एकीकडे माहेरचं देऊळ, एकीकडे सासरचं. ऊन पायरीला लागलं. दोन्ही लाल फडकी एकदम खाली आली. मग क्षणभर नुसतं पाणी वाहण्याचा आवाज.

मग, "ढम्!"

एकच ठोका. दोन नाहीत, एक.

वेणूच्या हातातलं धुणं तसंच राहिलं. पुढच्या दिवशी ती मुद्दाम माहेरच्या वाटेने थोडी चढून उभी राहिली. बापाचा ठोका आधी आला, सासऱ्याचा मागून. त्याच्या पुढच्या दिवशी सासरच्या वाटेवर थांबली, तर उलटं झालं. पुन्हा मधल्या खडकावर आली, आणि पुन्हा एकच.

तिने सासूला सांगितलं, "आत्याबाई, कुणीच उशीर करत नाही. काठी पडलेली दिसते ती लगेच. उजेडाला पंख आहेत. आवाजाला मात्र पाय. तो बिचारा दरी उतरून, चढून येतो, म्हणून मागे पडतो."

सासू हसली. "आवाजाला पाय! पोटुशी बाईला काय काय वाटतं गं! मला तुझ्या नवऱ्याच्या वेळी भिंत हलतेय असं वाटायचं." पण हसता हसता सुनेच्या सुकलेल्या तोंडाकडे पाहून तिचंही काळीज हललं. नवऱ्याशी बोलून पाहिलं. तो म्हणाला, "ती लेक आहे त्याची. बापाची बाजू घेणारच."

दुसऱ्या दिवशी उजाडताच वेणू खडकावर जाऊन बसली ती उठेचना. सासू काठावर येऊन हाका मारायला लागली.

"आत्याबाई," वेणू म्हणाली, "इथून दोन्ही घरं सारखीच लांब आहेत. मला कुणाचीच बाजू घ्यायची नाही. आबा आणि मामंजी, दोघांनी इथे यावं. तोवर मी बसते."

दोन्ही वाड्यांना ती दिसत होती. एवढं पोट घेऊन एकटी, ओल्या दगडावर. राग कितीही असो, हे बघवतंय का कुणाला? इकडून सासरा धावत उतरला, तिकडून बाप. खडकाच्या दोन बाजूंना दोघे उभे राहिले. एकमेकांकडे बघतही नव्हते.

"चल घरी," सासरा म्हणाला.

"चल बाळ," बाप म्हणाला.

"आधी वर बघा," वेणू म्हणाली.

ऊन पायरीला लागलं होतं. दोघे नगारेवाले ओढ्यावर आले तरी देवीचं काम थांबत नसतं, तेव्हा वरलीत वेणूच्या भावाने काठी उचलली होती, खाललीत तिच्या नवऱ्याने. दोन्ही फडकी एकदम खाली आली. सासऱ्याने आपल्या मुलाची काठी नगाऱ्यावर पडलेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. पण आवाज नाही.

"अरे! वाजला कसा नाही?"

आणि तेव्हा वाजला. दोन्हीकडून, एकदम, "ढम्!"

सासरा खाली बसला. माझा पोरगा हवेत काठी मारील? देवीपुढे? शक्यच नाही. मग समोरच्याने तरी का मारावी?

त्याने डोक्यावरचं मुंडासं काढलं आणि मांडीवर ठेवलं. "व्याहीबुवा, मी तुम्हाला चार माणसांत खोटा म्हणालो."

"मी काय कमी बोललो?" बाप त्याच्याशेजारी खडकावर बसला. "तिकडे तर मी तुमच्या देवळालाही नावं ठेवली."

"मग आता तुम्ही माझा उंबरा चढणार नाही ना?"

"चढतो की! लेकीचं गाठोडं कोण आणणार?"

"तुम्ही कशाला? मी आणतो. आणि मीच तिला वर सोडायला येतो. माझ्या सुनेला उन्हातून कसं न्यायचं ते तुमच्यापेक्षा मला जास्त कळतं."

"झालं का परत सुरू!" वेणू म्हणाली, आणि दोघे हसले.

पुढे यथावकाश एका सकाळी वरलीच्या देवळात अवेळी लाल फडकं उचललेलं दिसलं. मूल झालं की नगारा वाजवायचा, मुलगी झाली तर एक ठोका आणि मुलगा झाला तर दोन, असं ठरलं होतं. फडकं खाली आलं. खाललीतली सगळी माणसं अंगणात उभी होती. आवाज अजून वाटेत होता. पण या वेळी कुणी काही बोललं नाही. सासूने नवऱ्याचा हात घट्ट धरला, आणि सगळी वाडी आवाजाला यायला वेळ देत थांबली.

तात्पर्य म्हणाल, तर एवढंच: लांबच्या माणसाचा आवाज पोचायला वेळ लागतो, त्या वेळाला त्याचा खोटेपणा म्हणू नये, दोन पावलं उतरून मध्यावर जावं आणि मग ऐकावं.