दाऊदभाईंच्या जागी

एकदा एका खाडीकाठच्या गावात एक वृद्ध उस्ताद राहत होते. गावातल्या तीन पिढ्या त्यांच्या ओसरीवर कुराण वाचायला शिकल्या होत्या. बोलणं मोजकं, चालणं सावकाश. कुणी काही विचारलं की आधी दाढीवरून हात फिरवायचा आणि मगच उत्तर द्यायचं, असा त्यांचा स्वभाव.

त्यांची एक शिष्या होती, मैमुना. आता ती मोठी झाली होती, तिला दहा महिन्यांची मुलगी होती आणि नवरा कुवेतला नोकरीला होता. वडील दाऊदभाई यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. आई कुलसुमबी गेल्या वर्षी गेली. ऐपत असूनही दोघांचा हज राहून गेला होता. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणता म्हणता दोघं वेगळ्याच प्रवासाला निघून गेली. ही गोष्ट मैमुनाला आतून पोखरत होती. मुलीला साधी सर्दी झाली तरी तिच्या मनात यायचं, आईबापांचा फर्ज आपल्या डोक्यावर राहिलाय, त्याचाच हा त्रास.

एक दिवस ती मुलीला कडेवर घेऊन उस्तादांच्या ओसरीवर आली.

"उस्ताद, ही अजून अंगावर पिते, मला जाता येत नाही. तुम्ही जाल का? अम्मी-अब्बांच्या नावाने?"

गेलेल्या माणसाच्या जागी दुसऱ्याने जाऊन केलेल्या हजला हज-ए-बदल म्हणतात. जो जाईल त्याचा स्वतःचा हज आधी झालेला असावा लागतो. उस्तादांचा झाला होता, खूप वर्षांपूर्वी, आगबोटीने.

"एका फेरीत एकाचंच नाव घेता येतं," उस्ताद म्हणाले. "कुणाचं घेऊ?"

"अब्बांचं. शेवटपर्यंत त्यांच्या तोंडात तेच होतं. अम्मीचं काय, ती जन्मभर म्हणायची, आधी त्यांचं होऊ दे."

"आणि खर्च?"

"अम्मीच्या मेहेरच्या बांगड्या आहेत, निकाहात मिळालेल्या. तिने याच कामाला ठेवल्या होत्या."

उस्तादांनी दाढीवरून हात फिरवला. फक्त मान डोलावली.

निघायचे दिवस जवळ आले. हजला निघणाऱ्याने जाण्यापूर्वी घरोघरी जाऊन माफी मागायची, बोललं-चाललं पोटात घाला म्हणायचं, अशी तिथली रीत. त्या सकाळी मैमुना त्यांच्यासाठी हार घेऊन आली, तर उस्तादांनी हार खुंटीला अडकवला.

"निघणारा मी नाही. दाऊदभाई निघालेत. चल, त्यांना दारोदार फिरवून आणू."

मैमुनाला वाटलं, म्हातारपणी बोलण्याची ही एक तऱ्हा असेल. पण पहिल्याच दारात तिला कळलं, ही नुसती तऱ्हा नाही. बशीर तांडेल अंगणात जाळं शिवत बसला होता. उस्ताद त्याच्यापुढे हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "बशीर, मी दाऊद. हजला निघालोय. बोललं-चाललं माफ कर."

बशीरच्या हातातली सुई थांबली. त्याने आधी उस्तादांकडे पाहिलं, मग मैमुनाकडे. आणि एकदम खदखदून हसला.

"दाऊद! तुला पुरायला मीच होतो की रे! माझी करवत नेलीस ती आणलीस का?"

"घरी असेल. मैमुना आणून देईल."

"करवत दे, माफी ने!"

पुढचं दार पार्वतीकाकूंचं. त्या तांदूळ पाखडत होत्या. ऐकून त्यांनी सूप खाली ठेवलं आणि पदर सारखा केला, जणू खरोखरच थोरला माणूस दारात आलाय.

"दाऊदभावजी, माझ्या बकरीला धोंडा मारलात तुम्ही. बिचारी जन्मभर लंगडली. मी तेव्हा फार वाईट बोलले तुम्हाला. तुम्ही मला माफ करा, मी तुम्हाला करते. झालं!"

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. पण मैमुनाला मात्र जमिनीत जावंसं वाटत होतं. गल्लीत बायका पदराआड कुजबुजू लागल्या होत्या. म्हातारा भ्रमिष्ट झाला म्हणे, आणि हिने याला आईच्या बांगड्या मोडून पाठवायचं ठरवलंय! मैमुनाच्या मनात आलं, मेलेल्या माणसाला असं दारोदार फिरवतात का? माझा बाप काय चोर होता? तिने तसं विचारलंही.

"अजून एक दार राहिलंय," उस्ताद एवढंच म्हणाले आणि धक्क्याकडे वळले.

"पलीकडे? पलीकडे आपलं कोण आहे?"

"दाऊदची बहीण."

सुगराफुफी! तिचं नावसुद्धा घरात निघत नसे. अब्बा सांगायचे, तिला आपलं बरं बघवत नाही, तिने स्वतःहून नातं तोडलं. मैमुनाने फुफीला शेवटचं पाहिलं ते पाच-सहा वर्षांची असताना. उस्ताद होडीत जाऊन बसलेही होते. मुलीच्या डोक्यावर पदर धरून तीही चढली.

पलीकडच्या काठावर एक ठेंगणं घर होतं. दारात एक वाळकी म्हातारी नारळाच्या झावळ्यांची झापं विणत बसली होती. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वाडीतून मागून आणलेल्या झावळ्या. उस्ताद तिच्यापुढे उभे राहिले.

"सुगरा, मी दाऊद. हजला निघालोय. बोललं-चाललं माफ कर."

म्हातारी हसली नाही. रडलीही नाही. हातातली झावळी तिने हळूच बाजूला ठेवली आणि वर पाहिलं. ती नजर उस्तादांच्या आरपार, दुसऱ्याच कुणाकडे लागलेली होती.

"आलास? फार उशीर केलास, दाऊद. बाबांच्या वाडीतनं विजेचा खांब जाणार, त्याला सगळ्यांची संमती लागते म्हणालास. मी म्हटलं, माझ्या भावाच्या घरी दिवा लागेल. लावला अंगठा. खांब कुठे आहे रे तो? मी तुझ्या दाराशी विचारायला आले तर म्हणालास, तू हक्क सोडलास, कागद बघ. मला वाचता येत नाही हे तुला ठाऊक होतं. नवरा गेल्यावर दोन नारळ मागायला आले, तर पोरीदेखत म्हणालास, ही करणी करते, हिला आत घेऊ नका."

मैमुनाला आठवलं. एक बाई, अंगणात उभी. आपण तिला पाहून दाराआड लपलो होतो. ज्या वाडीचे नारळ विकून तिचं घर चालत होतं, ज्या विहिरीच्या पाण्याने तिने मुलीला पहिली आंघोळ घातली होती, त्या वाडीबद्दल हे चाललं होतं.

"माफ नाही करत," म्हातारी म्हणाली. "जा, हो हाजी."

मग तिची नजर जागेवर आली, उस्तादांच्या चेहऱ्यावर. "आणि तुम्ही हो? दाऊदची माफी मागत आलात. तुमची कधी मागणार? साक्षीदार म्हणून खाली सही तुमची आहे म्हणे."

मैमुनाने चटकन उस्तादांकडे पाहिलं. तिला वाटलं, आता ते नाही म्हणतील. ज्यांनी तिला खरं-खोटं शिकवलं, ते नक्की नाही म्हणतील.

उस्ताद जमिनीवर बसले, म्हातारीच्या समोर, धुळीत.

"आहे. दाऊद म्हणाला, सही करा. मी कागद न वाचता केली. नंतर कळलं, तरी गप्प बसलो. माझ्या स्वतःच्या हजच्या वेळी सगळ्या दारी गेलो, सुगरा. ही खाडी ओलांडली नाही."

होडीवाला लांबून पाहत राहिला. मुलगी रडू लागली तेव्हा म्हातारीचं तिच्याकडे लक्ष गेलं.

"ही दाऊदची मैमुना ना? तोंडावळा कुलसुमचा आहे. तुझी आई दर ईदला यायची. शेवया घेऊन. तुला मामाकडे जाते सांगायची, उतरायची इथे. पायाशी बसून रडायची. तिला मी केव्हाच सोडलं. तिच्याकडे माझं काही राहिलं नाही."

मामाकडे! दर ईदच्या दुसऱ्या दिवशी अम्मी मामाकडे जायची आणि मैमुना बरोबर येते म्हणून हट्ट धरायची. एकदासुद्धा नेलं नव्हतं तिने.

"उस्ताद," ती म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं, तर ओसरीवरच का नाही सांगितलंत? सगळ्या गावासमोर अब्बांना..."

तेव्हा उस्ताद बोलले.

"ओसरीवर सांगितलं असतं तर ते तुझ्या कानाला कळलं असतं. मला वाटलं, जिथे फेडायचं आहे तिथेच कळावं. पोरी, तू मला दाऊदच्या जागी उभं राहायला सांगितलंस. जागा काय एक काबागृहासमोरचीच असते? ज्याच्या जागी उभं राहायचं, त्याच्या सगळ्या जागी उभं राहावं लागतं. बशीरच्या अंगणात, पार्वतीच्या दारात, इथेही. अल्लाहचं जे राहिलं असेल ते तो मोठ्या मनाने सोडेल, त्याला काय कमी आहे! पण माणसाचं माणसानेच सोडायचं असतं, त्यात तो हात घालत नाही. हजला अराफातच्या मैदानात दुआ मागायला लाखो लोक असतील. सुगरा तिथे नसेल."

मग ते थांबले. दाढीवर हात गेला. "मी दाऊद म्हणून माफी मागू शकलो. दाऊद म्हणून काही परत देऊ शकत नाही. वाडी माझ्या हातात नाही. इथला बदल, त्याच्या जागी उभं राहून फेडणं, मला जमणारं नव्हतं. बांगड्या कुलसुमबीच्या आहेत आणि तिच्यावर कुणाचं ओझं नाही. या वर्षी मी तिचं नाव घेऊन जातो."

मैमुनाच्या डोक्यात एकच कल्लोळ उठला. नवरा काय म्हणेल? लोक म्हणतील, पोरीने बापाचं नाव मातीत घातलं. आणि ही तान्ही? उद्या हिला शिकवायचं, वाढवायचं, ते कशावर? तिने मुलीला घट्ट धरलं. मुलीने तिचं बोट तोंडात घातलं आणि शांत झाली. उद्या ही मोठी होईल. उद्या हिलाही कुणीतरी सांगेल की आपलं सगळं हक्काचं आहे. मग एक दिवस कुणीतरी हिला होडीत बसवून असंच एखाद्या दारात आणेल.

ती म्हातारीच्या समोर येऊन उभी राहिली.

"फुफी, अब्बांनी घेतलं ते आता माझ्याकडे आहे. तुमचा हिस्सा तुमच्या नावावर करून देते."

म्हातारीने डोळे बारीक केले. "नवऱ्याला विचारलंस?"

"वाडी माझ्या नावावर आहे. त्यांना सांगेन."

"आज बोलशील, उद्या घरी गेलीस की फिरशील. दाऊदचीच लेक."

"हो, त्यांचीच," मैमुना म्हणाली. "म्हणून तर मलाच द्यावं लागणार."

"माफी विकत घ्यायला देत असशील, तर नको मला."

"माफी नका देऊ. तुमचं आहे म्हणून देते."

म्हातारी उठली, झापांचा ढीग पायाने बाजूला सारला.

"पोरीला उन्हात काय धरून ठेवलंस? आत ये."

उस्ताद कुलसुमबीचं नाव घेऊन हजला गेले. ते तिकडे असताना इकडे कागद झाले. वाडीचा एक तृतीयांश हिस्सा, शरियतप्रमाणे बहिणीच्या वाट्याचा, विहिरीकडचा, सुगराफुफीच्या नावावर झाला. कुवेतहून नवऱ्याचा फोन आला. तो आधी खूप चिडला, मग चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी त्याने विचारलं, "फुफीच्या घराचं छप्पर गळतं का गं?" गावात बोलणारे बोलले. मुलीला दोनदा ताप आला आणि उतरला. मैमुना घाबरली, पण त्या भीतीत आता आईबापांचं नाव नव्हतं. फक्त मुलीचा ताप होता. माफीबद्दल मात्र फुफी एक शब्द बोलली नाही आणि मैमुनाने विचारलं नाही.

उस्ताद परतले. भेटायला वाडीत आले तेव्हा फुफी आपल्या विहिरीपाशी नारळ सोलत बसली होती आणि मैमुना सोललेले टोपलीत भरत होती. उस्तादांनी दोघींच्या ओंजळीत थोडं थोडं मक्केच्या जमजम विहिरीचं पाणी घातलं. फुफीने ते पिऊन ओला हात डोळ्यांवरून फिरवला आणि पुन्हा नारळ हातात घेतला.

"उस्ताद, अंगात ताकद आहे का अजून?" तिने खाली पाहतच विचारलं. "पुढच्या वर्षी पुन्हा जाल?"

"कुणाच्या नावाने?"

फुफीने एक नारळ सोलला. दुसरा घेतला.

"माझ्या भावाच्या."

मैमुनाचा हात टोपलीवर तसाच राहिला. उस्तादांनी दाढीवरून हात फिरवला नाही, विचारही केला नाही. ते नुसते "जाईन" म्हणाले.