हलकी हलकी सगुणाआत्या

एक होता राजा. त्याचं नाव रणशूर. आता नाव रणशूर, पण त्याची आत्या त्याला रणू म्हणायची. ए, हसू नका रे, राजालाही घरचं नाव असतं.

तर ही सगुणाआत्या म्हणजे राजाच्या वडिलांची बहीण. राजा दोन वर्षांचा असताना त्याचे आईवडील देवाघरी गेले, तेव्हापासून आत्यानंच त्याला वाढवलं. न्हाऊ-माखू घातलं, गोवर निघाला तेव्हा उशाशी बसली, पडला की फुंकर घातली. आता आत्या झाली ऐंशीची. हात थरथरायचे. पण बाईला स्वस्थ बसवत नसे, बरं का. सकाळी वाती वळायची. दुपारी मुदपाकखान्यात जाऊन आमटीचं मीठ बघायची. आणि संध्याकाळी राजाच्या पाच महिन्यांच्या लेकीला मांडीवर घेऊन थोपटायची. लेक चांगली गुटगुटीत होती, आणि महा रडकी.

मग आली दिवाळी. राजा मनात म्हणाला, आत्यानं माझ्यासाठी हाडाची काडं केली. यंदा तिला अशा भेटी द्यायच्या, की तिला बोटसुद्धा हलवायला नको.

मग वसुबारसेला त्यानं दिली मखमलीची गादी. म्हणाला, "आत्या, वाती आता दासी वळतील. तू आपली आरामात बस."

"बरं बाबा," आत्या म्हणाली आणि गादीवर बसली. आणि काय सांगू तुम्हाला, गादी दबलीच नाही! आत्या हलकी झाली होती. पण कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग धनत्रयोदशीला दिली चांदीची घंटा. "ही वाजवलीस की पाणी हजर, ताट हजर. मुदपाकखान्याकडे फिरकायचं नाही."

"बरं बाबा," आत्या म्हणाली. उठून उभी राहिली, तर पाय जमिनीपासून चार बोटं वर! राजाला वाटलं, अशक्तपणा आलाय, हिला अजून आराम हवा. आता काय म्हणावं या पुरुषांच्या अकलेला! राजा झाला म्हणून काय झालं?

मग उजाडली नरकचतुर्दशी. लेकीची पहिली दिवाळी, पहिलं अभ्यंगस्नान. आत्यानं तांबडं फुटायच्या आधीच उटणं कालवून ठेवलं होतं, थरथरत्या हातांनी. पण राजा आला एक मऊमऊ शाल घेऊन. म्हणाला, "आत्या, पोर हातातून सुटली म्हणजे? न्हाऊ घालायला दाई ठेवलीय मी. तू ही शाल पांघर आणि नुसतं बघ."

या वेळी आत्यानं उटण्याची वाटी खाली ठेवली, शाल पांघरली, आणि अशी वर उडाली म्हणता, की थेट छताला!

मग एकच गोंधळ. कुणी शिडी आणली, कुणी दोरी आणली. शेवटी शालीचं एक टोक तिच्या कमरेला बांधलं आणि दुसरं खांबाला. वैद्यबुवा म्हणाले, "जड दागिने घाला." मग सोन्याच्या पाटल्या घातल्या, गोठ घातले, चांगला शेरभर वजनाचा कमरपट्टा घातला. पण छे! आत्या दागिन्यांसकट वरच. लक्ष्मीपूजन झालं, पाडवा झाला, आत्या आपली छताशी. तिथूनच सांगायची, "अरे, या कोपऱ्यात जळमट राहिलंय."

राजाला अन्न गोड लागेना. खांबाला टेकून बसायचा आणि वर बघायचा. शालीची गाठ सुटली आणि आत्या गेली, तर? तिच्याशिवाय त्याला होतं कोण लहानपणापासून? घडीघडी उठून तो गाठ तपासायचा.

मग आली भाऊबीज. ज्या बाईला भाऊ नसतो, ती चंद्राला ओवाळते, ठाऊक आहे ना? आत्याचा भाऊ गेला, तेव्हापासून ती चंद्रालाच ओवाळायची. म्हणाली, "मला अंगणात न्या." मग राजानं शालीचं टोक पतंगाच्या दोरीसारखं हाताला गुंडाळलं आणि तिला बाहेर नेलं. दिवेलागण झाली होती. पश्चिमेला बीजेची नाजूक कोर. आत्यानं तरंगत तरंगत तबक ओवाळलं.

आणि चंद्र बोलला, बरं का!

"ताई, इतकी वर्षं ओवाळतेस, मी कधी ओवाळणी घातली नाही. यंदा घालतो. माझ्या घरी चल. तिथं काही काम नाही, नुसतं बसायचं."

"अरे दादा," आत्या म्हणाली, "नुसतं बसायला तिकडं कशाला येऊ? इथं तेच तर करतेय." मग तिनं वाकून तबक खाली राणीकडे दिलं. म्हणाली, "पण तू बोलावलंस तरी. इथं आता माझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही. येते मी."

आणि ती कमरेची गाठ सोडायला लागली.

राजा मनात म्हणाला, अरे देवा! मी आत्याला भेटी देत होतो, की तिच्या हातातलं एकेक काढून घेत होतो? इतक्यात दाईजवळ लेकीनं भोकाड पसरलं. राजानं पोर उचलली, चौरंगावर चढला आणि तिला उंच धरलं.

"आत्या, ही आमच्या कुणाकडे राहत नाही गं. घे हिला."

राणी किंचाळली, "अहो, पोरही जाईल वर!"

आत्या म्हणाली, "माझे हात थरथरतात रे."

"थरथरू देत. माझेही थरथरतायत, बघ."

आत्यानं हात पुढे केले. आणि राजानं पोर सोडली.

आत्या वीतभर वर गेली, पोरीसकट. राणीनं डोळे गच्च मिटले. राजानं मात्र मिटले नाहीत. आत्यानं पोरीला छातीशी धरलं, पाठीवर थोपटलं, "उगी उगी, माझी बाय ती." पोर उगी झाली. आणि आत्या हळूहळू खाली यायला लागली. आली ती थेट रांगोळीवर. सगळी रांगोळी पुसली गेली, पण त्याचं कुणाला काय!

"रणू," आत्या म्हणाली, "भारी झालीय रे ही पोर!"

राजा तिच्या पायाशी बसून ढसाढसा रडला. चंद्र वरून म्हणाला, "राहा ताई. मला काही घाई नाही."

मग गादीवर मांजर झोपायला लागलं. दर दिवाळीला राजा भेट आणायच्या आधी आत्यापाशी बसून विचारायचा, तुला काय हवंय. कधी ती म्हणायची, कापूस आण. कधी म्हणायची, काही नको, बस जरा. आणि सगळी सुखानं राहिली.

झाली गोष्ट. मिटा बघू डोळे. आणि माझ्या अंगावर कुणाचा पाय आहे रे हा? असू दे. काढू नकोस.