तीन दांड्या आणि जरासं

फार फार वर्षांमागची गोष्ट. तेव्हा राज्यावर कोण होतं ते आता कुणालाच आठवत नाही, पण लोहार आठवतो. नदीकाठच्या एका गावात तो राहायचा. त्याचं नाव कोंडाजी, बायकोचं नाव ठकू, आणि उशिरा झालेली दीड वर्षांची लेक हौसा. चिंचेखाली भट्टी, भट्टीला भाता, भात्यावर ठकू. एवढाच त्यांचा संसार.

कोंडाजी गाडीच्या चाकांना धाव करायचा. धाव म्हणजे लाकडी चाकाभोवती बसवायची लोखंडी पट्टी. ती नीट बसली तर गाडी दहा वर्षं चालते. सैल झाली तर निसटते, आणि फार आवळली तर चाकच मोडतं.

त्या गावची रीत मोठी गमतीची. चाकं करणारा सुतार राहायचा नदीपलीकडे. तो चाक पाठवायचा नाही, चाकाच्या आडव्या मापाची एक दांडी तेवढी पाठवायचा. लोहारानं त्या दांडीवरून धाव करायची आणि बसवायच्या दिवशीच चाक नावेतून अलीकडे यायचं. कोंडाजी लोखंडी पट्टीवर दांडी तीनदा ठेवायचा, मग डोळे बारीक करून पुढं जरासं सोडायचा, आणि तिथं खूण करायचा. तीन दांड्या आणि जरासं. त्याचा बाप तसंच करायचा, आजाही तसंच करायचा.

पण कोंडाजीच्या डोळ्यांत फूल पडलं, नजर धूसर होत गेली. आधी एका डोळ्यात, मग दुसऱ्या. त्यानं कुणाला सांगितलं नाही. लोखंडानं मात्र सगळ्या गावाला सांगितलं. एका गाडीची धाव भर ओढ्यात निसटली आणि गाडी गुळाच्या ढेपांसकट आडवी झाली. दुसरी इतकी आवळली की चाकाच्या आऱ्या कडाकडा मोडल्या.

"काय कोंडाजी," पारावरचे लोक विचारायचे, "ही धाव चाकाला केली होतीस का म्हशीच्या गळ्याला?"

एक दिवस पाटील भट्टीवर आले. बसले नाहीत, उभ्यानंच बोलले.

"देवाच्या रथाला नवं चाक होतंय. देवळानं एकाच धावेपुरतं लोखंड आणलंय, दुसरं मिळायचं नाही. जत्रेला धाव बसली, तर भट्टी तुझी. नाही बसली, तर वरच्या गावचा लोहार यायला तयार आहे. चिंचेखालची जागा त्याला द्यावी लागेल."

"पाटील, तीन पिढ्यांची राख आहे हो या जागेत."

"म्हणून तर जत्रेपर्यंत थांबलोय, कोंडाजी. मलाही गाव सांभाळायचंय."

सुताराची दांडी आली. चांगली पाच हात लांब. कोंडाजीनं ती पट्टीवर तीनदा ठेवली. चौथ्या वेळी त्याचा हात हवेतच राहिला.

"ठके, हे जरासं माझ्या डोळ्यात होतं गं. आता डोळाच राहिला नाही."

"पण जरासं म्हणजे किती?" ठकूनं विचारलं.

"चाक मोठं तर जरासं मोठं. चाक लहान तर जरासं लहान. बापानं सांगितलं नाही मला, दाखवलं."

ठकू स्वयंपाकाला लागली. पण ते जरासं काही मनातून जाईना. भाकरी थापताना तिची नजर तव्यावर गेली. तवा काय, एक लहानसं चाकच की! तिनं सुतळी घेतली, तव्याच्या आडवी धरून तोडली, आणि कडेनं फिरवली. एकदा, दोनदा, तीनदा. जरासं उरलंच. तेवढ्या मापाचा दुसरा तुकडा तिनं तोडला आणि सुतळीवर ठेवून पाहिला. सात वेळा बसला.

भाकरी करपली. ठकूला वासच आला नाही. ती जात्याकडे धावली. जात्याला वेगळी सुतळी, वेगळं जरासं. पण ते जरासंही आपल्या सुतळीत सात वेळाच बसलं.

"अहो, ऐका! तव्यातही सातवा हिस्सा, जात्यातही सातवा हिस्सा!"

"आता भाकरीच्या तव्यावरून देवाचा रथ मोजणार का तू?" कोंडाजी चिडून म्हणाला.

"तवा गोल, चाकही गोल. आपण लहान आहोत हे तव्याला कुठं ठाऊक आहे?"

कोंडाजीनं हातातली दांडी खाली ठेवली. तो म्हणाला, "लहान झाली दोन. एखादं मोठं गोल बघ, मग बोल."

गावात सगळ्यांत मोठं गोल म्हणजे विहीर. ठकू हौसाला कडेवर आणि कासरा हातात घेऊन विहिरीवर गेली. पाण्याला आलेल्या बाया हसून लोटपोट झाल्या.

"अगं ठकू, विहिरीला करदोडा घालतेस का काय?"

"घालते. तू तेवढं हे टोक धर."

हसता हसता एकीनं टोक धरलं. मग दुसरीनं धरलं. विहीर आडवी दहा हात भरली. तेवढा कासरा कडेनं तीनदा फिरला, आणि जरासं उरलं. ते जरासं सात वेळा ठेवताना हसू कुठच्या कुठं गेलं. सगळ्या श्वास धरून मोजत होत्या. "पाच... सहा... सात!" एवढी मोठी विहीर, आणि आत तव्याचंच माप! घटकाभरात कुणी परात आणली, कुणी उखळाभोवती दोरी फिरवली, कुणी हौसाच्या पायातला वाळा काढून मोजला. कुठं काही फरक नाही. घागरी तशाच भरायच्या राहिल्या.

"ज्यानं गोल केलं," एक म्हातारी म्हणाली, "त्यानं सगळ्यांच्या ताटात एकच घास वाढलाय बाई."

ठकू मात्र खाली वाकून बघत होती. सातवा तुकडा कासऱ्याच्या टोकापर्यंत पोचलाच नव्हता. दोन बोटं कमी पडत होती. तिनं पुन्हा मोजलं. दोनच बोटं. तव्यावर जे दोऱ्याएवढं होतं म्हणून दिसलं नव्हतं, ते विहिरीवर उघडं पडलं होतं.

ती पडल्या चेहऱ्यानं घरी आली. "सातवा हिस्सा पुरता नाही हो. थोडा कमी आहे. आणि त्या थोड्याच्या पोटात आणखी थोडं असेल. हे संपतं तरी कुठं?"

कोंडाजी पहिल्यांदाच हसला. "नसेलही संपत. आपल्याला कुठं शेवट गाठायचाय? आपल्याला धाव बसवायचीय. सांग, विहीर केवढी?"

"दहा हात."

"आपलं चाक?"

"पाच. म्हणजे विहिरीला दोन बोटं कमी, तर चाकाला एक बोट." ठकू बोलता बोलता उठून उभी राहिली. "ते एक बोट सात तुकड्यांत वाटायचं. एकेकाच्या वाट्याला आली गव्हाच्या दाण्याची जाडी!"

"मग सातव्या हिश्श्यातून एक दाणा काढ. लोखंड थंड झालं की आवळतं, त्यासाठी किती कमी धरायचं आणि सांध्याला किती लागायचं, ते माझ्या हाताला ठाऊक आहे. त्याला डोळे लागत नाहीत."

पाच हात सुतळी घेऊन ठकूनं सात घड्या घातल्या. तीन दांड्या, त्यापुढं एक घडी, त्यातून गव्हाचा एक दाणा मागं. बाकीचं कोंडाजीनं बोटांनी चाचपून ठरवलं. खूण झाली. छिन्नी लावण्याआधी ठकूनं सुतळी आणखी एकदा मोजून पाहिली. लोखंड एकदाच कापता येतं.

जत्रेच्या दिवशी चाक नदी ओलांडून आलं. माणसापेक्षा उंच. गोवऱ्यांच्या जाळात धाव लालबुंद झाली. वरच्या गावचा लोहार हात बांधून कडेला उभा होता. चार गड्यांनी सांडश्यांनी धाव उचलली आणि चाकावर ठेवली. लाकूड पेटलं, धूर झाला. ठकू ओरडली, "पाणी घाला!"

विहिरीवरच्या बायांनी घागरी ओतल्या. वाफेत चाक दिसेनासं झालं. आतून करकर आवाज आला, आणि सगळ्यांनी कान टवकारले. आता आऱ्या मोडतात!

आवाज थांबला. वाफ विरली. कोंडाजी पुढं झाला आणि त्यानं हातोडीनं धावेवर टोला दिला. सैल धाव बद्द वाजते. ही घंटेसारखी वाजली.

वरच्या गावच्या लोहारानं हात सोडले आणि जवळ येऊन हळूच विचारलं, "वहिनी, माप कसं काढलंत? आमचंही चुकतं कधी कधी."

"हिचं गुपित आहे ते," कुणीतरी म्हणालं.

"गुपित कसलं?" ठकू म्हणाली. "तुमच्या घरी तवा असेल ना? चला, दाखवते."

रथ निघाला. सगळा गाव ओढायला लागला आणि चाक जराही कुरकुरलं नाही. पाटलांनी चिंचेखालची जागा कोंडाजीच्या घराण्याला कायमची लिहून दिली. पुढं कोंडाजीला पुरतं दिसेनासं झालं, पण त्याची भट्टी एक दिवस थंड पडली नाही. नदीच्या दोन्ही तीरांवरच्या गाड्या त्याच्याकडेच यायला लागल्या. आणि हौसा मोठी झाली तेव्हा आईची सात घड्यांची सुतळी कमरेला खोचून ती स्वतः धावा करू लागली. ओढ्यात पुन्हा कधी गूळ सांडला नाही.

म्हणून लक्षात ठेवा: एकाच्या डोळ्यात लपलेलं माप त्या डोळ्याबरोबर मावळतं, पण पडताळून चारचौघांच्या हाती दिलेलं माप कधी मावळत नाही.